कान तपासायला नेलं, मेमरी टेस्टपण झाली (टिळकवाडी, बेळगाव)

५ पैकी ४ स्टार.

हे कानाचं सेंटर ऐकायचं मशीन विकायच्या आधी म्हाताऱ्या माणसांची मेमरी टेस्ट घेतंय, कानाच्या फीमध्येच, वेगळे पैसे नाहीत. अप्पा आधी भडकलेच, "मला खुळा ठरवूलालीस काय गं?" म्हणून. पण ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी बरं समजावलं, की ऐकायला कमी येणारा आणि विसरायला लागलेला माणूस घरच्यांना सारखाच दिसतो, दोघंपण विचारलं एक की सांगतात भलतंच, म्हणून आधी कुठलं काय ते बघायचं. आणि विसर पडत असेल तर बारीक बटणं नि सेल बदलायची कटकट नसलेलं मशीन द्यायचं, घरच्या एकाला शिकवून.

मला सगळ्यात पटलं ते म्हणजे क्रम. आधी मळ काढला, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती बारीक आवाज ऐकू येतो ते बघणं (दोन्ही कानांना साधारण ५५ डेसिबलच्या खालचं ऐकू येत नाही), मग ट्रायलचं मशीन कानात घालून, दार लावून, समोर बसून टेस्ट. मोका नावाच्या ह्या टेस्टमध्ये पाच शब्द वाचून दाखवतात आणि थोड्या वेळानं परत विचारतात, आता शब्द नीट ऐकूच आला नाही तर आठवणार कुठून, आणि मार्क गेले की शिक्का डोक्यावर! अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढताना अप्पांनी दोन्ही काटे सारख्याच लांबीचे काढले, पण १०० मधून सात सात वजा करा म्हटल्यावर खडे बाजारात जन्मभर कापड मोजलेला माणूस ९३, ८६, ७९ करत असा सुटला की मॅडमना लिहायला वेळ मिळेना.

स्टार कापला तो कागदासाठी. फॉर्म कन्नड नि इंग्लिशमध्ये, मॅडम तोंडीच मराठी करून विचारत होत्या. त्यांची मराठी चांगली आहे, तो प्रश्न नाही, पण असल्या टेस्टचे प्रश्न सगळ्यांना ठरलेले तेच पाहिजेत, आयत्या वेळी जमवलेले नकोत. खानापूर, निपाणी साइडची कितीतरी म्हातारी माणसं मराठी शाळेत शिकलेली, तेवढं तरी छापून ठेवा की. शिवाय शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक मार्क वाढवून द्यायचा असतो, अप्पा सातवी पास, तो मार्क मी विचारल्यावर मिळाला. ३० पैकी २४ झाले, नॉर्मल धरतात २६ पासून.

आणि काउंटरवरचं ते पोस्टर काढा बघू, 'मशीन लावा, डिमेन्शिया (विसरायचा आजार) टाळा'. २०२३ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरी मासिकात अमेरिकेतल्या अचीव्ह नावाच्या अभ्यासाचा निकाल आला, ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं, त्यात सगळे मिळून बघितलं तर मशीनवाल्यांत नि बाकीच्यांत फरक दिसला नाही, आधीच धोका जास्त असलेल्या गटात मात्र मशीनवाल्यांची डोक्याची घसरण ४८ टक्के कमी होती. बहिरेपणानं धोका वाढतो हे खरंच, पण म्हणून गॅरंटी देणार काय?

मॅडम स्वतः असलं काही बोलल्या नाहीत. उलट हे निदान नव्हे म्हणून डॉक्टरांना चिठ्ठी दिली, बी१२ नि थायरॉईड बघून घ्या म्हणाल्या, मशीनची सवय झाल्यावर परत टेस्ट घेणार आहेत. मशीन आजच घ्या असा आग्रहपण नाही.

नेणार असाल तर वाचायचा चष्मा विसरू नका, चित्रं ओळखायची असतात. शनिवारी मात्र जाऊ नका, लई गर्दी.