जुना ट्रक घेताय? थंड इंजिनाच्या आवाजावर जाऊ नका

जुनी गाडी घ्यायची तर इंजिन थंड असताना ऐकायचं, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. विकणाऱ्यांनाही. लातुरातल्या ज्या डीलरनं मला १६१३ मॉडेलची गाडी विकली, तो सकाळी स्वतःहूनच म्हणाला, "मालक, मी गाडी गरम करून ठेवत नसतो. हात लावून बघा, थंडगार हाय." हात लावला, खरंच थंड होती. एका सेल्फला चालू झाली. ठोका नाही, धूर नाही. ऑइल नवीन, फिल्टर नवीन, फिटनेस चालू. सौदा साडेचार लाखांना ठरला.

हलक्या भाड्यात काही कळलं नाही. मग जालन्याहून सळई भरून लातूरला येत होतो. बीड सोडलं, मांजरसुंब्याचा घाट लागला आणि खालून ठोका सुरू झाला. टॅपिटची (इंजिनाच्या वरच्या व्हॉल्व्हची) टकटक बारीक असते, वरून येते. हा आवाज जड होता, चेंबरकडून (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याकडून) येणारा, आणि रेस सोडताना जास्तच वाजायचा. घाट कसाबसा चढलो. गाडी बाजूला लावून थंड होऊ दिली, परत सेल्फ मारला, तर आवाज जवळजवळ गायब.

घराजवळच्या मिस्त्रीमामांनी आधी इंजिन पूर्ण गरम होऊ दिलं. मग स्लोवर (रेस न देता) ठेवून एकेका नोझलच्या, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, पाइपचा नट ढिला करत गेले. तिसऱ्या सिलेंडरचं डिझेल तोडलं की ठोका बसायचा. नोझल खराब असलं तरी असंच होतं, म्हणून तिसऱ्याचं नोझल पाचव्याला आणि पाचव्याचं तिसऱ्याला लावून पाहिलं. ठोका तिसऱ्यालाच राहिला. म्हणजे दुखणं आतलं. (ही तपासणी जुन्या लाइन पंपाच्या, म्हणजे पंपातून प्रत्येक नोझलला वेगळा पाइप जाणाऱ्या, इंजिनाचीच. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून डिझेल मिळणाऱ्या, गाडीत चालू इंजिनावर पाइपला हात लावू नका. तिथं हजार बारच्या वर प्रेशर असतं, डिझेलची धार कातडीत घुसते.)

डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा थंडीत, गरमीत, स्लोवर, रेसमध्ये एकाच जागी होता. मी चांगलं प्रेशर समजत होतो. मामांनी ब्लॉकला वेगळं मीटर लावलं, तर गरम इंजिनात स्लोवर काटा शून्याच्या आसपास लोळत होता. डॅशचं मीटर नुसतं दाखवायला होतं.

चेंबरचा बोल्ट काढला आणि ऑइल काकवीसारखं पडलं. इंजिन ऑइलमध्ये १४० नंबरचं गिअर ऑइल ओतलेलं, मामांनी वासावरूनच ओळखलं. खरी मेख इथं आहे. पिस्टन आणि लायनरमधली ढिलाई थंडीत वाजते आणि गरम झाल्यावर कमी होते, म्हणून थंड इंजिन ऐकायची पद्धत पडली. बेरिंगचं उलट. घासलेल्या बेरिंगमधली फट थंड, जाड ऑइल भरून काढतं. तासभर लोड ओढला की ऑइल पातळ होतं आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) बेरिंगवर आदळायला लागतो. डीलरनं मला थंड इंजिनाची जी परीक्षा घ्यायला लावली, ती या आजारात पास होणारच होती.

चेंबर खाली घेतला तेव्हा तिसऱ्या कनेक्टिंगचं (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं) बेरिंग तांबं दिसेपर्यंत गेलेलं. क्रँक आधीच शेवटच्या साइजला घासलेला, त्यामुळं लेथवर पुन्हा घासायची सोयच उरली नव्हती. नवाच घ्यावा लागला. आणि बेरिंगच्या पाठीमागं पत्र्याची पातळ पट्टी निघाली. फट दाबायला घातलेली. जुनी गाडी म्हणून झिजणं मी समजू शकतो. पट्टी आपोआप जात नाही. कुणीतरी चेंबर उघडला, बेरिंग पाहिलं, पट्टी घातली आणि मग गाडी विकायला लावली. पट्टी हलवण्याआधी फोटो काढले, व्हिडिओ केला, मामांकडून लिहून घेतलं.

डीलर म्हणाला, बाँडवर (खरेदीच्या करारावर) "गाडी पाहून, चालवून घेतली" असं लिहिलंय. वर, धंद्याच्या गाडीला ग्राहक कायदा लागत नाही म्हणे. हे अर्धसत्य आहे. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू बसते. माझी एकच गाडी आहे, मीच चालवतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं. ते बघायला मागा. याच्याकडं नव्हतंच.

फिटनेसवर विसंबू नका. तिथं ब्रेक, लाइट, धूर बघतात, बेरिंग कुणी उघडत नाही. नुकतीच सर्व्हिस केलेली गाडी दिसली तर मला आता उलट शंका येते. जुनं ऑइल आणि जुना फिल्टर हाच तर इंजिनाचा जबाब असतो. फिल्टर कापून कागद उन्हात धरा, चमकणारे कण दिसतात. लोहचुंबक फिरवून "काही नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, बेरिंगचा मऊ धातू चुंबकाला चिकटत नाही. लोड भरून चढावर न्या, तासभर पळवा, मग स्लोवर उभी करून स्वतःच्या मिस्त्रीकडून वेगळं मीटर लावून घ्या. "आमचाच मिस्त्री बघंल की" असं विकणारा म्हणाला तर चहा पिऊन निघा.

बाँडवर ते चालवून घेतल्याचं वाक्य असेल तर खाली आणखी एक लिहायला सांगा: इंजिनाचं काय काम झालंय, क्रँक कुठल्या साइजला आहे. माझी तक्रार आयोगात दाखल आहे, पट्टी वकिलाकडं पाकिटात आहे.