ओपनबॅक बॅन्जो, नऊ महिन्यांनंतर (आणि फिडलबरोबर केलेल्या सहा ट्यून्स)

आधी एक क्लिअर करतो, बॅन्जो म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मिरवणुकीतला बेंजो येतो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. ते बुलबुल तरंग, त्याचं मूळ जपानी ताइशोगोतो, १९१२ सालचं. मी बोलतोय तो अमेरिकन पाच तारांचा, ओपनबॅक म्हणजे मागची बाजू उघडी असलेला, जो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यांतून आलाय. मी राहतो नॉर्थ कॅरोलिनात, इथून सव्वादोन तासांवर माउंट एअरी, तिथे जूनमध्ये फिडलर्स कन्व्हेन्शन भरतं, फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवणाऱ्यांचा मेळावा. तिथे पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून वाजवणारे लोक बघितले आणि झालं, खिशाला भोक.

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रार माझ्या एका पीसबद्दल आहे. पहिले दोन महिने पाचव्या तारेची खुंटी सरकायची, एक ट्यून संपेपर्यंत ती तार पाव सूर खाली. शेवटी तिचा स्क्रू घट्ट केला तेव्हा थांबली. दुसरं, ब्रिज चिकटवलेला नसतो, नुसता तारांच्या दाबावर मढवलेल्या पृष्ठभागावर, म्हणजे हेडवर, उभा असतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नव्या तारा लावायला बसलो, सगळ्या एकदम काढल्या आणि ब्रिज टुणकन उडून सोफ्याखाली. मग बाराव्या फ्रेटवरचा (पडद्यावरचा) हार्मोनिक, म्हणजे तार नुसती शिवून येणारा सूर, आणि तिथेच दाबून येणारा सूर जुळेपर्यंत एक तास इकडे तिकडे सरकवत बसलो. आता पेन्सिलने खुणा केल्यात. तारा एकेक करून बदला, एवढं तरी लक्षात ठेवा. हेड प्लास्टिकचं आहे, त्यामुळे तबल्यासारखं दमट हवेत उतरत नाही, पण लाकडी मान मात्र जुलैत वाकते, तारा उंच होतात, मानेच्या आतल्या सळईला, ट्रस रॉडला, पाव आटा द्यावा लागतो.

सांगलीत असताना चार वर्षं सतार शिकलो होतो, त्याचा फायदा एकाच बाबतीत झाला. पाचवी तार मानेवर मध्येच, पाचव्या फ्रेटपाशी सुरू होते आणि अंगठ्याने सारखी वाजत राहते, अगदी चिकारी. बाकी सगळं उलटं. क्लॉहॅमर नावाच्या वाजवायच्या पद्धतीत तार ओढत नाहीत, नखाने वरून खाली मारतात, आणि नख मग दर आठवड्याला तुटतं. शेवटी नेल सलूनमध्ये गेलो. ताईंनी विचारलं, दहाही करायची का? म्हटलं नाही, फक्त हे एक, उजवी तर्जनी. त्या आता ओळखतात.

आता मुख्य गोष्ट. माझा मित्र पुण्यात मांडी घालून व्हायोलिन शिकलेला, इथे येऊन उभं राहून फिडल वाजवायला लागला. (वाद्य एकच आहे, गज फिरवायची पद्धत आणि सवयी वेगळ्या.) आम्ही दोघांनी सहा नव्या ट्यून्स बनवल्या, चार डी पट्टीत आणि दोन ए पट्टीत. ए साठी तो फिडल ए-ई-ए-ई असं लावतो, मग रिकाम्या तारा आपोआप तानपुऱ्यासारख्या घुमतात. डी साठी मी डबल सी (तारा जुळवायची एक पद्धत) लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, आणि पाचवी तार सातव्या फ्रेटजवळच्या खिळ्याखाली अडकवतो. हे खिळे म्हणजे खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ ठोकायचे असतात ते, मस्करी नाही.

रेकॉर्डिंग त्याच्या हॉलमध्ये, फ्रिज बंद, एसी बंद, दोघांच्या मध्ये एक माइक. पहिल्याच टेकला बॅन्जोचा असा झणझणाट की फिडल ऐकूच येईना. हेडच्या मागे पायमोजा गुंडाळून खोचला, तेव्हा आवाज जमिनीवर आला. पण खरा लोचा माझ्या वाजवण्यात होता. मी ट्यूनचा प्रत्येक सूर वाजवत होतो, फिडलच्या बरोबरीने, जुगलबंदी असल्यासारखा. मित्र म्हणाला, "अरे, तू माझ्यावर का वाजवतोयस? तू ठेका दे ना." राग आला, खोटं कशाला बोलू. मग घरी जाऊन टॉमी जॅरेल आणि फ्रेड कॉकरहॅमची फिडल-बॅन्जोची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकली, हे याच भागातले, सरी काउंटीच्या राउंड पीकवाले. बॅन्जो तिथे फिडलच्या पोटात शिरून वाजतो, कुठला सूर सोडायचा हे त्याला माहीत असतं. ट्यूनचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, आणि हेच पुन्हा पुन्हा, लेहऱ्यासारखं. पुढच्या रविवारी मी निम्मे सूर गाळले, ड्रमवर पडतो तसा हात पडू दिला, तिसरा टेक ठेवला. हे वाद्य तारांचं कमी आणि कातड्याचं जास्त आहे हे मला सहा महिने एकट्याने घरी वाजवून कळलं नव्हतं.

सगळं अगदी अचूक जमलंय असं नाही. दोन ट्यून्समध्ये लय चढलीये, क्लिक ट्रॅक (लय धरून ठेवणारी टिकटिक) लावलाच नव्हता. आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या तर तीन मिनिटं ऐकून म्हणाली, छान आहे, पण गाणं कधी सुरू होतं?

घ्यायचा विचार असेल तर स्वस्तातला ओपनबॅक चालेल, खुंट्या मात्र दुकानात फिरवून बघा, आणि लवकरात लवकर एखादा फिडलवाला गाठा. मोजा माझा अजून आतच आहे.