40 तासांचं प्रमाणपत्र मला दोन संध्याकाळींत मिळालं

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत मी सहा वर्षं ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटवर, ऑपरेटर आहे. आखातात केमिकलच्या टाक्या आणि दूषित जमिनी साफ करायला 'हॅझवोपर', म्हणजे घातक कचऱ्याच्या जागी सुरक्षित काम करायचं अमेरिकी प्रशिक्षण, झालेली माणसं हवीत, असा मेसेज आला. फोनवरची बाई आदबीनं बोलली. "सर, अमेरिकेच्या ओशाचं कार्ड मिळेल, नोकरीची हमी." ओशा म्हणजे तिथली कामगारांची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था. पतपेढीचं कर्ज काढून 32,000 रुपये भरले. ते संस्थेच्या नव्हे, एका माणसाच्या खात्यावर गेले, पावती नाही. तिथंच थांबायला हवं होतं.

कोर्स म्हणजे मोबाइलवरच्या स्लाइडा, न वाचता सरकवल्या तरी चालायचं. दुसऱ्या रात्री प्रमाणपत्र आलं: 40 तास पूर्ण, प्रत्यक्ष जागेवर 3 दिवस पूर्ण. कुठली जागा? मी घराबाहेरही पडलो नव्हतो.

मुंबईत मुलाखतीला साहेबांनी प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि टेबलावरचा मास्क पुढे केला. "घाला. गळत नाही हे दाखवा." मला दाढी होती. दाढीवर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, कडेनं वायू आत येतो, हे मला तिथं कळलं. "टाकीत ऑक्सिजन कमी असेल तर हा कार्ट्रिजचा मास्क चालेल?" मी हो म्हणालो. तो हवा फक्त गाळतो, ऑक्सिजन देत नाही. तिथं बाहेरून हवा पुरवणारं साधन लागतं, पाठीवरच्या सिलिंडरसारखं. हायड्रोजन सल्फाइडचा वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला, असंही मी सांगितलं. प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो. खऱ्या टाकीत यातल्या कुठल्याही एका उत्तरानं माझा जीव गेला असता.

साहेबांनीच मग समजावलं. ओशा स्वतः कोणालाही हॅझवोपरचं कार्ड देत नाही. अशा जागेवर नेहमी काम करणाऱ्यासाठी नियमात किमान 40 तासांचं शिक्षण, अनुभवी सुपरवायझरच्या देखरेखीखाली 3 दिवस प्रत्यक्ष काम आणि दर वर्षी 8 तासांची उजळणी आहे. मास्क आणि सूट हाताळल्याशिवाय ते पुरं होत नाही. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: मास्क कुठं घालायला देणार, आणि ते 3 दिवस कोणाच्या हाताखाली?

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण महिना उलटून गेला होता. पैसे अजून आलेले नाहीत. कर्जाचा हप्ता चालू आहे.

त्या कोर्सच्या ग्रुपवरचा एक मुलगा तेच प्रमाणपत्र दाखवून टाकी सफाईच्या कामाला लागलाय. मी त्याला दोनदा फोन केला. म्हणतो, "दादा, सुपरवायझर सांगतो तसं उतरतो." आज रात्री पुन्हा लावणार आहे.