थंडरबोल्ट की हेमी डार्ट: १/२५ प्रतिकृतीसाठी निवड

फोर्डची १९६४ ची फेअरलेन थंडरबोल्ट आणि १९६८ ची डॉज हेमी डार्ट या दोन्ही गाड्या अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींसाठीच, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ रस्त्यावरील वेगाच्या शर्यतींसाठीच, तयार झाल्या, परंतु त्यांच्या प्रतिकृती घडवताना कौशल्याची कसोटी निरनिराळ्या ठिकाणी लागते.

थंडरबोल्टच्या आतील दोन हेडलाइटांच्या जागी जाळ्या असून तेथून दोन जाड नळ्या ४२७ घनइंची इंजिनाच्या कार्ब्युरेटरांपर्यंत (हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या भागांपर्यंत) हवा नेतात. सळईवर बारीक तार गुंडाळून या वळीदार नळ्या करता येतात, आणि बॉनेट उघडल्यावर नजर प्रथम तेथेच जाते. पहिल्या ११ गाड्या गडद लाल व पुढील पांढऱ्या होत्या. पांढऱ्याचे पातळ थर अनेकदा द्यावे लागतात, मात्र चूक घासून, पॉलिश करून सुधारता येते.

डार्टमध्ये ही सोय नाही. ती कारखान्यातून राखाडी प्रायमरमध्येच (रंगाआधीच्या अस्तराच्या थरातच), काळ्या फायबरग्लास बॉनेट व फेंडरांसह (चाकांवरील आवरणांसह) निघत असे, म्हणून मॅट पृष्ठभागावर जरा जास्त बोट घासले तरी चकाकता डाग उमटतो. काच खाली-वर करण्यासाठी दारात हँडलाऐवजी असलेला पट्टा प्रतिकृतीत कागदाचाही चालतो.

पहिल्यांदाच ड्रॅग गाडी करणाऱ्याने, माझ्या मते, थंडरबोल्टच घ्यावी.