पिल्लू आणावं की मोठं कुत्रं?

कुत्रं विकत न घेता दत्तक घ्यायचं, एवढं तुमचं ठरलंय असं धरून चालतो. (ठरलं नसेल तर 2017 च्या नियमांप्रमाणे ब्रीडरकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाचा नोंदणी दाखला असावा लागतो, तो मागून बघा. विषय बऱ्याचदा तिथेच मिटतो.) पुढचा प्रश्न असा, की दोन महिन्यांचं पिल्लू आणायचं, का शेल्टरमधलं दोन-तीन वर्षांचं कुत्रं? आमच्याकडे दोन्ही झालंय. आधी फोस्टरकडून, म्हणजे दत्तक जाईपर्यंत तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरातून आलेलं पिल्लू, आणि ते म्हातारं होऊन गेल्यावर काही काळाने शेल्टरमधून आणलेली मोठी कुत्री. दोन्ही देशी, दोन्ही पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

पिल्लाच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे आणि ते खरंही आहे. साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात जे दिसलं, जे कानावर पडलं, ते पिल्लू निमूट स्वीकारतं. मिक्सर, कुकरची शिट्टी, लिफ्ट, नखं कापणं, घरात मांजर असेल तर तीही. मोठ्या कुत्र्याला यातलं एकेक शिकवायला महिने जातात आणि काही गोष्टी राहूनच जातात. आमची अजूनही झाडू दिसला की टेबलाखाली जाते. शेजाऱ्यांचंही तसंच. पिल्लाला बघायला मजल्यावरची सगळी मुलं येतात, मोठं कुत्रं आणलं की ‘चावत नाही ना?’ एवढाच प्रश्न. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर किंवा त्याच्या लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही, पण जिन्यातल्या नजरांना कोण काय करणार?

एवढं असूनही माझं पारडं झुकलं ते एका अगदी क्षुल्लक वाटेल अशा गोष्टीने. पिल्लाला खाली नेता येत नाही.

लसी सहा ते आठ आठवड्यांना सुरू होतात आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, सोळाव्या आठवड्यापर्यंत. तोवर पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या संसर्गांची टांगती तलवार. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि आवारात भटकी कुत्री येत-जात असतात. डॉक्टर सांगतात, कडेवर घेऊन जग दाखवा, पण जमिनीवर सोडू नका. म्हणजे तेवढा सगळा काळ शी-शू घरात, वर्तमानपत्रावर. पिल्लू हुशार, पेपरवर करायचं हे भराभर शिकतं. आणि डोस पूर्ण झाले की हेच शिकवलेलं पुसायला बसायचं! आमचे महाशय खाली अर्धा-अर्धा तास प्रत्येक टायर हुंगून यायचे, एक थेंबही नाही, आणि वर दार उघडलं की थेट बाल्कनीतला पेपर. पावसाळ्यात हा प्रकार छत्री धरून करायचा. रविवारची पुरवणी जमिनीवर पसरून वाचायची माझी सवय तेव्हा सुटली ती सुटलीच. अंगण असेल किंवा दिवसभर घरात कुणीतरी असेल, तर हा मुद्दा निम्मा गळून पडतो, हे मान्य.

मोठ्या कुत्रीने हा प्रश्न येऊच दिला नाही. रस्त्यावर वाढलेलं कुत्रं सहसा झोपायच्या जागेपासून लांब जाऊन उरकतं. आमची पहिल्या रात्री रोखून बसली ती सकाळी कंपाउंडपाशीच मोकळी झाली. एकीवरून नियम काढू नये, पण रेस्क्यूवाल्यांकडूनही साधारण हेच ऐकलंय.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. पिल्लाचे दुधाचे दात सहा महिन्यांपर्यंत असतात आणि तोवर हात, चपला, सोफा सगळं त्यांचंच. त्यात रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर मिळते, त्यामुळे रस्त्यावरून थेट उचललेल्या पिल्लाचा दात लागला तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुणं आणि डॉक्टर गाठणं याला पर्याय नाही. शेल्टरमधल्या मोठ्या कुत्र्याची नसबंदी बहुतेक वेळा झालेली असते, त्याची खूण म्हणून कानाला खाच दिसते. लस टोचलेली असते आणि अंगकाठी-स्वभाव समोर दिसतो. ‘आता झेपत नाही’ म्हणून कुत्रं परत केलं जातं ते बरेचदा सहा महिन्यांच्या पुढे, दांडगाई सुरू झाल्यावर. तो काळ याचा मागे पडलेला असतो. रस्त्यावरून दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर सोडता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये बजावलंय, तेव्हा परतीची वाट नाही असं समजूनच हिशोब मांडा.

मोठ्या कुत्र्याचा खरा धोका पहिल्या दिवसांत आहे. रेस्क्यूवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं गणित सांगतात : बावरणं, रुळणं, घर आपलं मानणं. बावरलेलं कुत्रं पट्ट्यातून मान काढून पळतं आणि अनोळखी भागात सापडत नाही. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाला, दोन्हींना वेगवेगळ्या दोऱ्या लावा, कितीही शहाणं वाटलं तरी. गोचीड तापाची रक्ततपासणीही लगेच करून घ्या.

घरात मांजर असेल, किंवा कुत्र्याला लहानपणापासून आपल्या हाताने वाढवायची हौस असेल, तर पिल्लू आणा, मी अडवणार नाही. निर्णय होत नसेल तर बऱ्याच संस्था मोठं कुत्रं थोडे दिवस फोस्टर म्हणून घरी नेऊ देतात. जमतंय की नाही ते तेवढ्यात कळतं. पिल्लाच्या बाबतीत तेवढ्यात काहीच कळत नाही, कारण सुरुवातीचे ते काही दिवस ते नुसतं गोड वागतं.