२० सेंटीमीटरचा नॉनस्टिक पॅन : आठ महिने रोज वापरल्यावर

आधीच सांगते, हा पॅन मी अंड्यांसाठी घेतला आणि आजही त्याचं मुख्य काम तेच आहे. घरात पोळ्यांचा लोखंडी तवा आहे, बिडाचा तवा आहे. त्यामुळे या पॅनकडून सगळ्याची अपेक्षा नव्हती. हजाराच्या आतला, ॲल्युमिनियमचा, ३ मिलिमीटर जाडीचा, खाली इंडक्शनसाठी स्टीलची चकती. झाकण सोबत आलं नाही, पण डब्याची एक जुनी ताटली त्यावर चपखल बसते.

२० सेंटीमीटर हे माप वरच्या काठाचं असतं, हे घेण्याआधी लक्षात असू द्या. तळ जेमतेम १४-१५ भरतो. दोन अंड्यांचं ऑम्लेट मस्त होतं, तीन अंडी घातली की ते जाड आणि मधे ओलसर राहतं. सुरमईच्या दोन तुकड्या मावतात. अख्खं पापलेट ठेवलं तर शेपूट काठावर चढून बसतं आणि कच्चं राहतं. घावन लहान होतात, पण जाळी छान पडते आणि पहिलं घावनही सुटून येतं. बिडाच्या तव्यावर आमच्याकडे पहिलं घावन नेहमी वाया जातं, म्हणून हे विशेष. मासळीचं मात्र उलट. रव्याचा थर चिकटून निघत नाही हे खरं, पण या पृष्ठभागावर तेल पसरत नाही, त्याचे थेंब गोळा होतात, आणि आच मोठी करायची सोय नसते. कुरकुरीतपणा हवा असेल तर बीडच.

आता आचेबद्दल, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. लोक कलथ्याच्या ओरखड्यांना घाबरतात. माझ्या मते असे पॅन ओरखड्यांपेक्षा जास्त मरतात ते मोठ्या आचेनं. आतला थर पीटीएफईचा असतो, म्हणजे ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो तो. साधारण २६० अंशांच्या वर तो हळूहळू खराब व्हायला लागतो आणि ३५० च्या पुढे त्यातून घातक वाफा निघतात. पिंजऱ्यातले पक्षी अशा वाफांनी मेल्याच्या नोंदी आहेत. पोपट किंवा लव्हबर्ड पाळलेल्यांनी स्वयंपाकघरात पिंजरा ठेवूच नये. एवढी उष्णता आपल्या स्वयंपाकात कुठून येणार, असं वाटतं, पण रिकामा पॅन मोठ्या बर्नरवर ठेवला तर काही मिनिटांत तिथवर पोचतो. म्हणून शेंगदाणे, रवा भाजणं आणि फोडणी ही कामं या पॅनला मी कधीच दिली नाहीत. फोडणीला कढलं आहे, शेंगदाण्यांना कढई आहे.

थर्मामीटरची गरज नाही. थोडं लोणी आधीच घालून मग गॅस पेटवायचा. लोणी फसफसतं, म्हणजे त्यातलं पाणी उडतंय. फेस बसला की अंडं घालायचं. लोणी तपकिरी झालं तर आच जास्त आहे. रिफाइंड शेंगदाणा तेलाचा धूरही साधारण २३० अंशांना निघतो, म्हणजे धोक्याच्या आधीच इशारा मिळतो. धूर दिसला की गॅस बंद.

डब्यावर 'पीएफओए-फ्री' असं ठळक छापलेलं होतं. हे रसायन थर बनवताना कारखान्यात वापरलं जायचं. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत ते बंद करायचं कबूल केलं होतं आणि २०१९ मध्ये घातक, टिकून राहणाऱ्या रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत ते आलं. चांगलीच गोष्ट आहे, पण म्हणून पॅन जास्त तापवायला हरकत नाही, असा त्या शिक्क्याचा अर्थ काढू नका.

गॅसवर नेहमी लहान बर्नर. मोठ्या बर्नरची ज्योत तळाबाहेर येते, कडेचा थर जाळते आणि दांड्याचं बेकलाइट तडकतं. अडचण एवढीच की लहान बर्नरच्या जाळीवर हा हलका पॅन दांड्याच्या वजनानं कलंडतो. दांडा जाळीच्या एका पायाच्या रेषेत ठेवला की नीट बसतो. इंडक्शनवर आणखी जपावं लागतं. माझी शेगडी मंद आचेवरही थांबून थांबून पूर्ण जोरानं तापते, त्यामुळे रिकामा पॅन त्यावर क्षणभरही ठेवत नाही.

धुणं माझ्याकडेच आहे. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ताई, हा काळा कधी निघणार?" हातात तारेची घासणी होती. तेव्हापासून पॅन मोरीत जातच नाही. मऊ स्पंज, साबणाचं पाणी, बस. गरम पॅन नळाखाली धरायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. ॲल्युमिनियम एकदम आकसतं, तळ मधे फुगतो आणि मग अंडं कडेला पळतं. शिवाय थर धातूला चिकटतो तो खरखरीत केलेल्या पृष्ठभागाच्या आधारानं. दोघांचं आकसणं-प्रसरणं सारखं नसल्यामुळे अशा धक्क्यांनी ती पकड सैल होते.

साधारण पाचव्या महिन्यात काठाला तपकिरी चिकट थर दिसायला लागला. अनेक जण इथेच 'कोटिंग गेलं' म्हणून पॅन टाकतात. तो बहुतेक वेळा जळून घट्ट झालेला तेलाचा लेप असतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पॅन थोडा वेळ भिजवला, स्पंजनं चोळला आणि बराचसा गेला. तेल कमी वापरलं तर हा लेप उशिरा धरतो. स्प्रेचं तेल तर अजिबात नको, त्यातलं लेसिथिन फार चिवट चिकटतं.

आजची स्थिती : मधोमध रुपयाएवढ्या जागेत अंडं किंचित धरतं, बाकी ठीक. दांड्याचा स्क्रू दोनदा आवळला. ओरखडे बारीक आहेत, कारण लाकडी उलथनंच वापरते आणि ऑम्लेट पॅनमध्ये सुरीनं कापत नाही. कपाटात वर दुसरं भांडं ठेवायचं असेल तर मधे जुनं फडकं घालते. थराचे कपचे उडायला लागले की पॅन बदलेन. चुकून एखादा पोटात गेला तर तो तसाच बाहेर पडतो, पण अशा पॅनमध्ये अंडं चिकटणारच.

पुढचा घेताना महागड्या सेटकडे बघणार नाही, असाच साधा आणि जाड तळाचा घेईन. माप मात्र २२ चं, पापलेटसाठी.