विमा कंपन्यांच्या पॅनेलवर जाताना: स्वतः अर्ज करावा, एजन्सी नेमावी की प्लॅटफॉर्म धरावा?

अमेरिकेत थेरपिस्टचा स्वतंत्र परवाना हाती आला आणि स्वतःची प्रॅक्टिस काढायचं ठरलं, की विमा कंपन्यांच्या पॅनेलवर, म्हणजे त्यांच्या करारबद्ध थेरपिस्टच्या यादीत, कसं जायचं हा निर्णय लगेच समोर येतो. एटना, सिग्ना, ऑप्टम, ब्लू क्रॉस अशा कंपन्यांच्या पॅनेलवर तुम्ही नसाल, तर बऱ्याच क्लायंटना दर आठवड्याला येणं परवडत नाही. पॅनेलवर जायचं तर क्रेडेन्शियलिंग, म्हणजे कंपनीकडून होणारी तुमच्या पात्रतेची तपासणी, आलं. तिथल्या मराठी थेरपिस्टना त्यात काही वेगळ्या अडचणी येतात, म्हणून त्यांच्या बाजूने हे लिहिते आहे.

कुठलाही मार्ग निवडला तरी काही कागद लागतातच: एनपीआय, म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्यांचा दहा अंकी राष्ट्रीय ओळख क्रमांक (तो फुकट मिळतो), राज्याचा परवाना, व्यावसायिक दायित्वाचा विमा, डब्ल्यू-९ (टॅक्स आयडी, म्हणजे कर ओळख क्रमांक, कळवण्याचा फॉर्म) आणि सीएक्यूएच या पोर्टलवरचं प्रोफाइल, जिथून विमा कंपन्या तुमची माहिती घेतात. सीएक्यूएचवरची माहिती बरोबर असल्याची कबुली दर १२० दिवसांनी नव्याने द्यावी लागते. ती राहिली तर अर्ज जागेवर थांबतो, आणि अनेकदा कुणी कळवतही नाही.

स्वतः अर्ज करण्यात पैसे जवळजवळ लागत नाहीत, पण वेळ आणि चिकाटी भरपूर लागते. तीन-चार महिने धरूनच चाला. कंपनीने कागदपत्रं तपासून मान्य केली म्हणजे काम झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. क्रेडेन्शियलिंग म्हणजे तुमची पात्रता पटणं. त्यानंतर करार होतो, आणि करारावर लागू होण्याची तारीख असते. त्या तारखेआधीच्या सेशनचे पैसे सहसा मिळत नाहीत. तारीख लेखी हातात येईपर्यंत इन-नेटवर्क (पॅनेलवरचा थेरपिस्ट) म्हणून कुणाला घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. त्यात क्लायंटचंही नुकसान होतं.

मराठी अर्जदारांचं घोडं अडतं ते नावात. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर ते नवऱ्याचं झालेलं, आडनाव बदललेलं, पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या पदवीवर माहेरचं नाव. परवाना, एनपीआय आणि सीएक्यूएच या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. आधीचं नाव द्यायला सीएक्यूएचमध्ये जागा असते, ती रिकामी सोडू नका. दुसरी गोष्ट कामातल्या खंडाची. गेल्या पाच वर्षांचा कामाचा इतिहास मागतात आणि सहा महिन्यांहून मोठ्या खंडाचा खुलासा द्यावा लागतो. एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) कामाची परवानगी नव्हती, हे अगदी सरळ कारण आहे. महिने आणि वर्षं घालून दोन वाक्यांत लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण जागा कोरी ठेवली तर अर्ज परत येतो.

एजन्सी नेमली तर फॉर्म भरणं आणि फोनवर पाठपुरावा करणं तुमच्या डोक्यावरून उतरतं. दर विमा कंपनीमागे शुल्क घेतात. पण अर्ज मंजूर करणारी विमा कंपनीची समिती एजन्सीसाठी लवकर बसत नाही, आणि पॅनेल बंद असेल, म्हणजे नवे थेरपिस्ट घेत नसेल, तर ते उघडणं एजन्सीच्याही हातात नसतं. तुमच्या खंडाचं आणि बदललेल्या नावाचं स्पष्टीकरण शेवटी तुम्हालाच द्यायचं असतं. घरात लहान मूल असेल किंवा दुसरी नोकरी सांभाळून हे करत असाल, तर एजन्सी जरूर घ्या. मात्र सीएक्यूएचचा पासवर्ड आणि संपर्काचा ईमेल तुमचाच ठेवा, आणि दरपत्रक स्वतः वाचल्याशिवाय करारावर सही होऊ देऊ नका.

तिसरा मार्ग हेडवे, अल्मा, ग्रो थेरपी यांसारख्या, स्वतःच्या करारांखाली थेरपिस्टना पॅनेलवर घेणाऱ्या प्लॅटफॉर्मचा. अल्मा सदस्यत्वाचं शुल्क घेते. बाकी दोघांकडे महिन्याची फी नाही. इथे काम बरंच लवकर होतं, क्लेम तेच पाठवतात आणि पैसे ठरलेल्या वेळापत्रकाने येतात. नवख्या माणसासाठी हा मोठा दिलासा आहे. पण इथे विमा कंपनीशी असलेला करार प्लॅटफॉर्मच्या टॅक्स आयडीखाली असतो. तुम्ही बाहेर पडलात की ते पॅनेल तुमच्याबरोबर येत नाही. दोन वर्षं येणारा क्लायंट एका दिवसात तुमच्याकडे आउट-ऑफ-नेटवर्क होऊ शकतो. दरही प्लॅटफॉर्म कळवेल तेच.

माझं मत विचाराल तर एकाच राज्यात स्थायिक होणार असाल तर तुमच्या भागातल्या मोठ्या दोन-तीन कंपन्यांकडे स्वतःच्या नावाने अर्ज करा आणि ते मार्गी लागेपर्यंत प्लॅटफॉर्मवर काम करा. एकाच कंपनीकडे दोन टॅक्स आयडीखाली नाव असायला सहसा हरकत नसते. जोडीदाराच्या नोकरीमुळे वर्षभरात राज्य बदलण्याची शक्यता असेल, तर स्वतःच्या करारांवर चार महिने घालवणं मला पटत नाही, कारण नव्या राज्यात परवाना आणि करार दोन्ही नव्याने करावे लागतात. एच-४ ईएडीवर (एच-४ धारकांना मिळणारी कामाची परवानगी) स्वतःची प्रॅक्टिस चालते. एच-१बी असेल तर प्लॅटफॉर्मवरचं कंत्राटी कामही इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय धरू नका.

विमा पूर्ण टाळून रोख फी घेणं हाही पर्याय आहे. क्लायंटला सुपरबिल (विमा कंपनीकडे परतफेड मागण्यासाठीची तपशीलवार पावती) द्यायचं आणि २०२२ पासून बंधनकारक झालेला खर्चाचा अंदाज आधी लेखी द्यायचा. मोठ्या शहरात ते चालतं, पण आपल्या माणसांपैकी कोण दाराबाहेर राहील याचा विचार करा.

मेडिकेअरचं, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठीच्या सरकारी विम्याचं, गणित वेगळं आहे. १ जानेवारी २०२४ पासून मेंटल हेल्थ काउन्सेलर आणि मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टही मेडिकेअरला बिल करू शकतात. दर सायकॉलॉजिस्टच्या ७५ टक्के, आणि नोंदणी पेकॉस या सरकारी पोर्टलवर. मुलांकडे राहायला गेलेले, ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं काढून पासष्टी ओलांडलेले कितीतरी आई-बाबा आता मेडिकेअर घेऊ शकतात. त्यांना मनातलं मराठीत बोलायचं असतं आणि तसा थेरपिस्ट सापडत नाही. म्हणून सीएक्यूएचमध्ये भाषांच्या रकान्यात मराठी नक्की भरा. विमा कंपन्यांच्या डिरेक्टरीत भाषेवरून शोधता येतं.

प्लॅटफॉर्मशी करार करताना बाहेर पडण्याचं कलम सर्वांत आधी वाचा. किती दिवसांची नोटीस, क्लायंटना तुम्ही स्वतः कळवू शकता का, नोंदी कुणाकडे राहतात, या तीन गोष्टींची उत्तरं लेखी मागून घ्या.